अनंताचीं पिवळीं पानें

डोंबिवलीस पूर्वेकडे राहणाऱ्या एका परिचित भगिनीचें पत्र गेल्या ज्येष्ठांत आलें. त्यांच्या सासूबाई कल्याणास पारनाक्याजवळच्या जुन्या वाड्यांत पन्नास वर्षें राहिल्या. वाडा पाडला गेला, तेव्हां तेथील अनंताची एक फांदी रुजवून त्यांनीं बरोबर आणिली आणि नव्या इमारतीच्या आवारांत, फाटकाच्या उजव्या हातास, स्वतः लाविली. पहिलें वर्ष झाड बरें चाललें. दुसऱ्या वर्षीं पानें पिवळीं पडूं लागलीं. तिसऱ्या वर्षीं कळ्या उमलण्याआधींच गळूं लागल्या. शेणखत झालें, निंबोळीची पेंड झाली, माळ्यानें युरिया टाकला, शेजारच्या एका गृहस्थांनीं चुन्याची निवळी घालावयास सांगितली तीहि घातली. तिच्यानंतर तर झाड अधिकच खंगलें. “कल्याणच्या वाड्यांत ह्याला पाण्यावांचून कधीं कोणीं कांहीं घातलें नाहीं हो,” असें सासूबाई दररोज म्हणतात, आणि हें बोलणें आपल्यालाच उद्देशून आहे असें सुनेला वाटतें. पत्राच्या शेवटीं प्रश्न होता : कारखान्यांचा धूर आणि आम्लाचा पाऊस ह्यांमुळें तर हें होत नसेल ना ?

प्रश्न एका झाडाचा असला तरी उत्तर घरबसल्या देण्यासारखें नव्हतें. एका रविवारीं गेलों आणि झाड पाहिलें. पिवळेपणाचेहि प्रकार असतात. नत्र कमी पडलें तर खालचीं जुनीं पानें प्रथम पिवळीं होतात. कारण झाड जुन्या पानांतलें नत्र काढून नव्याला देतें. येथें उलट होतें. खालचीं पानें हिरवीं, शेंड्याचीं कोंवळीं पानें पिवळीं, आणि त्या पिवळ्या पानांवर शिरांची जाळी मात्र हिरवीगार. हें लोहाच्या उपासाचें लक्षण आहे. लोह एकदां पानांत बसलें कीं सहसा हलत नाहीं, म्हणून टंचाई नव्या पालवीस भोगावी लागते.

खुरपें मागून घेतलें. वीतभर लाल माती लागली; तिच्याखालीं गिलाव्याचे तुकडे, विटांचा चुरा, फरशीच्या कडा आणि एक वांकडी सळई. स्वयंपाकघरांतून व्हिनेगर आणवून त्या मिश्रणावर चार थेंब टाकतांच तें फसफसलें. फसफसणें म्हणजे आम्ल आणि चुनखडी ह्यांची गांठ पडून वायु सुटणें. म्हणजे झाड जिच्यांत उभें होतें ती माती आंबट नव्हतीच. चुन्यानें भरलेली होती, आणि तिच्यांत आणखी चुन्याची निवळी पडली होती!

सासूबाईंचा ह्यावर विश्वास बसेना. तेव्हां दुसरा प्रयोग केला, आणि त्यासाठीं लागणारें साहित्य त्यांच्या देवघरांतच होतें. गणपतीला वाहण्याकरितां आणलेल्या लाल जास्वंदीच्या तीन फुलांच्या पाकळ्या गरम पाण्यांत घालून जांभळट अर्क काढला. हा अर्क आंबट पदार्थांत लालगुलाबी होतो व चुन्यासारख्या पदार्थांत हिरवट. कल्याणच्या अंगणांतली थोडी माती सासूबाईंनीं तुळशीच्या कुंडींत जपून आणलेली होती. ती एका वाटींत व आवारांतली दुसऱ्या वाटींत घेऊन, दोहोंत पावसाचें गाळलेलें पाणी घालून ढवळलें, निवळूं दिलें आणि वरच्या पाण्यांत अर्क सोडला. कल्याणची वाटी जांभळटच राहिली. डोंबिवलीची वाटी हळूहळू शेवाळी रंगावर गेली. सासूबाईंनीं दोन्ही वाट्या उजेडाला धरून पाहिल्या आणि “मग माझी फांदी चांगलीच होती म्हणा” एवढेंच म्हणाल्या.

हळदीनेंहि असा प्रयोग करतां येतो. हळद आणि चुना एकत्र आले कीं कुंकवाचा रंग येतो हें आपल्या घरांत कोणाला सांगावयास नको. परंतु हळद तांबडी होण्यास बराच तीव्र अल्कली लागतो. मातीसारख्या सौम्य प्रकरणांत जास्वंद बरी.

मातीचा आंबटपणा मोजण्याच्या मापास मराठींत सामू म्हणतात. कोपनहेगन येथील कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेंतील सोरेन्सेन ह्या शास्त्रज्ञानें १९०९ सालीं तें रूढ केलें. मद्य आंबविण्याच्या शास्त्रासाठीं निघालेलें माप आतां शेतकऱ्याच्या कामास येतें. सात म्हणजे समधात. त्याखालीं आम्ल, त्यावर विम्ल. लिंबाचा रस दोनच्या आसपास, ताक साडेचारच्या, चुन्याची निवळी बाराच्याहि वर. ह्या मापांत एका अंकाचा फरक म्हणजे दहापटींचा फरक, हें मात्र विसरूं नये; सहा सामूची माती सातपेक्षां दहापट आम्ल आणि पांचची शंभरपट. लोहाची गोष्ट तर ह्याहून कठीण आहे. सामू एकानें चढला कीं पाण्यांत विरघळूं शकणारें लोह सुमारें हजारपटीनें उतरतें. आवारांतल्या त्या लाल मातींत लोह खचितच भरपूर होतें, तिचा लाल रंगच लोहाचा. पण भरलेल्या कोठारास कुलूप लागावें तशी स्थिति होती. विम्ल मातींत अनंत, एक्झोरा, चहा ह्यांसारखीं आम्लप्रिय झाडें अशीं उपाशीं राहतात.

आतां ठाणें-कल्याणची मूळची माती कशी ? येथला खडक म्हणजे सह्याद्रीचा काळा पाषाण, ज्वालामुखीच्या रसाचा. त्यांत चुना व मॅग्नेशियम पुष्कळ. पण त्यावर दर पावसाळ्यांत सुमारें अडीच हजार मिलिमीटर पाणी कोसळतें. स्वच्छ हवेंतला पाऊसहि हवेंतील कार्बन डाय-ऑक्साइड विरघळल्यानें किंचित् आम्ल, सुमारें ५.६ सामूचा, असतो. हें पाणी हजारों वर्षें उतारावरील मातींतून झिरपत चुना धुऊन नेत आलें. म्हणून टेंकडीच्या उतारावरची तांबडी माती किंचित् आंबट आणि खाडीकांठची खाजणाची जमीन खारट. खारट आणि विम्ल हे दोन शब्द पुष्कळ लोक एकच समजतात. खारटपणा मिठाचा असतो, आणि खारट जमीन आंबटहि असूं शकते.

येथल्या शेतकऱ्यानें ह्या आंबटपणाशीं फार जुना संसार केला आहे. पावसापूर्वीं शेण, पालापाचोळा व झाडांच्या कवळ्या रोपाच्या जागेवर पसरून जाळावयाच्या, ह्याला राब म्हणतात. त्यामुळें तणाचें बीं मरतें हें खरें. पण मागें राहणारी राख विम्ल असते आणि कोंवळ्या रोपाला पोटॅश व चुना देते. सरकारी जंगलांतून राबासाठीं कवळ्या तोडण्याच्या हक्कावरून ठाणें जिल्ह्यांत इंग्रजी अमदानींत केवढे तंटे झाले ! शिवाय भाताच्या खाचरांत पाणी तुंबून राहिलें कीं एक चमत्कार घडतो. हवा न मिळाल्यानें मातींतील रासायनिक क्रिया उलट्या चालूं लागतात आणि आम्ल असो वा विम्ल, माती कांहीं आठवड्यांत समधातपणाकडे सरकते. म्हणजे कल्याण, भिवंडी, मुरबाडच्या खाचरांत बांध घालून अडविलेलें पाणी भाताची केवळ तहान भागवीत नव्हतें, मातीचा सामूहि सांवरून धरीत होतें. ज्या दिवशीं खाचराचा बांध फोडून त्यावर भराव पडला, त्या दिवशीं ही व्यवस्थाहि गेली.

मनुष्य मातीला आंबट करतो तो मुख्यतः खतानें. अमोनियम सल्फेट किंवा युरिया ह्यांतील अमोनिया मातींतले जीवाणु नायट्रेटमध्यें बदलतात, आणि त्या क्रियेंत आम्ल निर्माण होतें. इंग्लंडांतील रॉथमस्टेड येथें १८५६ पासून एका कुरणाच्या पट्ट्यांवर निरनिराळीं खतें वर्षानुवर्षें घालून पाहात आहेत. ज्या पट्ट्यांस नुसतें अमोनियम सल्फेट मिळालें व चुना मिळाला नाहीं, त्यांचा सामू चारच्याहि खालीं उतरला आणि तेथें बहुतेक गवतांनीं राम म्हटला. आमच्याकडे युरियाचें पोतें रिकामें करणाऱ्या माळ्याला हें ठाऊक नसतें. अर्थात् डोंबिवलीच्या त्या अनंताबाबत माळी निर्दोष आहे. त्याच्या मूठभर युरियाची आम्लता तेथल्या चुनखडीनें केव्हांच गिळून टाकली असेल.

पत्रांतला आम्लपावसाचा प्रश्न मात्र अगदींच निराधार नव्हे. मँचेस्टरच्या कोळशाच्या धुरानें पावसांत गंधकाम्ल येतें हें रॉबर्ट अँगस स्मिथ ह्यानें १८५२ मध्यें दाखविलें आणि पुढें १८७२ सालीं आपल्या ग्रंथांत आम्लपाऊस हा शब्द प्रचारांत आणिला. आमच्या बाजूस कोळसा आला तो रेल्वेबरोबर. १८५३ मध्यें ठाण्यापर्यंत आणि १८५४ मध्यें कल्याणपर्यंत. आगगाडी विजेवर चालूं लागली तेव्हां इंजिनाचा धूर गेला, पण वीज ठाकुर्लीजवळच्या चोळा येथील वीजगृहांत कोळसा जाळूनच होत असे. तें वीजगृह बंद पडूनहि कित्येक वर्षें लोटलीं. मात्र आपल्या देशांतील बहुतेक कोळशांत गंधक थोडें आणि राख फार, आणि ती राख बहुधा विम्ल. त्यांत रस्त्यांची, दगडखाणींची व बांधकामांची चुनखडीयुक्त धूळ हवेंत सदैव तरंगत असते. ह्या दोहोंमुळें पावसांत उतरणारें आम्ल पुष्कळ अंशीं वाटेंतच मरतें. आपण जिला शिव्या देतों ती धूळ अशा रीतीनें थोडा उपकारहि करते. अर्थात् फुप्फुसांना हा हिशेब पटणार नाहीं.

एकूण शहराच्या मातीचा कल आंबटपणाकडे नसून चुन्याकडे असतो, हें जगांतील अनेक शहरांत आढळून आलेलें आहे. कारण उघड आहे. सिमेंट हें चुनखडी भाजूनच करतात. ताज्या काँक्रीटचा सामू बारांच्या वर असतो. हवा लागून तो उतरतो व शेवटीं चुनखडी उरते. तिच्या सहवासांत माती आठच्या आसपास येऊन थांबते आणि तेथून हलतां हलत नाहीं. पूर्वीं वाडा पडला तर त्याची माती, लांकूड, कौलें पुन्हा दुसऱ्या घरास लागत. आतां तीस-चाळीस वर्षांची इमारत पाडतात, तिचा मलबा खाचरांत किंवा खाडीकांठीं भरतात, आणि त्यावर पुढच्या इमारतीची बाग लावतात. ठाण्यास घोडबंदर रस्त्याला, इकडे कल्याण-शीळ रस्त्याला अशा किती बागा असतील कोण जाणे ! ग्राहकाला मजल्याची, उजेडाची, वाहनतळाची माहिती मिळते. बागेच्या मातीखालीं काय पुरलें आहे हें विचारण्याची आपल्याला अजून संवय नाहीं.

कारखान्यांची कथा निराळी आहे. तेथें एकच दिशा नसते. शहाड-मोहने भागांत कृत्रिम रेशमाचे मोठे कारखाने निघाले. त्या धंद्यांत लांकडाचा लगदा प्रथम कॉस्टिक सोड्यांत विरघळवितात व मग गंधकाम्लाच्या कुंडांत त्याचा धागा काढतात, म्हणजे एकाच छपराखालीं दोन्ही टोंकें. १९६२ मध्यें औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालें, आणि त्यानंतर अंबरनाथ, डोंबिवली येथें रंग, औषधें व रसायनें ह्यांच्या वसाहती वाढल्या. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानें २००९ सालीं देशांतील औद्योगिक क्षेत्रांची पाहणी केली, तींत डोंबिवली अतिप्रदूषित गटांत आली. २०१४ च्या जानेवारींत डोंबिवलीकरांनीं हिरवा पाऊस पाहिला, २०२० च्या फेब्रुवारींत गुलाबी रस्ता. रंग डोळ्यांना दिसतो म्हणून त्याची बातमी होते; आम्लाला रंग नसतो. २०१४ च्याच नोव्हेंबर अखेरीस उल्हासनगरला वालधुनींत चोरून सोडलेल्या रसायनांतून विषारी वायु निघाला व शेंकडों लोकांना रुग्णालयांत न्यावें लागलें. ही तीच वालधुनी, जिच्या कांठीं शिलाहारांनीं १०६० सालीं अंबरनाथाचें देऊळ बांधलें. उल्हास आणि वालधुनी ह्यांच्या प्रदूषणावरून राष्ट्रीय हरित लवादानें २०१५ सालीं स्थानिक संस्था व सांडपाणी प्रक्रिया केंद्रें ह्यांना जबर दंड ठोठावला.

कल्याणच्या आधारवाडीची कचराभूमि २०२१ मध्यें बंद करण्यांत आली, हें समाधानकारक आहे. कचऱ्यांतून पाझरणाऱ्या पाण्याची मौज अशी कीं तें तरुणपणीं आम्ल असतें, कारण ओला कचरा आंबतो. आणि वय झालें कीं विम्ल होतें. परंतु तरुणपणच्या त्या आंबट पाण्यांत कचऱ्यांतले धातु विरघळून बाहेर पडतात, आणि ते जमिनींत उतरले कीं नदीच्या बाजूस सरकत राहतात.

येथें आम्हीं त्या भगिनीच्या दुसऱ्या प्रश्नाशीं आलों, जो पत्रांत नव्हता. इमारतीच्या मागच्या भिंतीलगत, नाल्याच्या बाजूस, कांहीं हौशी कुटुंबांनीं पालक, माठ आणि मेथी लाविली होती. भाजी सुरेख होती. घरची, खतावांचूनची, म्हणून ती मुलांना मुद्दाम खाऊं घालीत. पावसाळ्यांत नाल्याचें पाणी तेथवर चढतें, हें रखवालदारानें सांगितलें.

ह्या ठिकाणीं सामूचा प्रश्न फुलांपुरता राहात नाहीं. शिसें, कॅडमियम, जस्त ह्यांसारखे धातु विम्ल मातींत बव्हंशीं बांधलेले राहतात. माती आंबट झाली कीं ते सुटतात आणि मुळांवाटे पानांत चढतात. पालेभाज्यांत, त्यांतहि पालकांत, कॅडमियम सहज साठतें. अनंताचें झाड सुधारावें म्हणून एका शेजाऱ्यानें बॅटरींतलें आम्ल पातळ करून आवारांतल्या वाफ्यांना घालण्याची सूचना केली होती, आणि बाटली आणलीहि होती. बॅटरीच्या वापरलेल्या आम्लांत शिसें असतें. तें अनंताला घालावयाचें, उरलें तें मागच्या वाफ्याला ! मीं ती बाटली त्याच वेळीं परत पाठविण्यास सांगितलें, आणि माझा स्वर जरा चढला हें कबूल करतों. जो चुना अनंताचा वैरी, तोच मागच्या भिंतीशीं त्या मुलांच्या ताटाचा कदाचित् रखवालदार असेल. एका आवारांत वीस पावलांवर दोन विरुद्ध उपाय करावे लागतात.

मातीच्या परीक्षणाचे सांगावयाचें तर २०१५ पासून सरकार शेतकऱ्यांना जमिनीची आरोग्यपत्रिका देतें. तींत सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक आणि जस्त, लोह, तांबें, मंगल, बोरॉन अशा बारा गोष्टी असतात. त्यांत शिसें व कॅडमियम नाहींत. खाजगी प्रयोगशाळेंत तीं तपासून मिळतात. तपासणी स्वतंत्र सांगावी लागते व खर्च अधिक येतो. दहा कुटुंबांनीं वर्गणी केली तर तो जड नाहीं. निकाल येईपर्यंत नाल्यालगतची भाजी खाऊं नये, असें मीं स्पष्ट सांगितलें. दोघी-तिघींना तें आवडलें नाहीं. धुऊन घेतली तर चालेल ना, असें एकीनें विचारलें. धुण्यानें पानावरची धूळ जाते, पानाच्या आंतलें जात नाहीं.

अनंताला ताक घालावें का, हाहि प्रश्न निघाला. कढीलिंबाला आंबट ताक घालण्याची रीत आपल्या घरोघर आहे. कुंडींत तें चालेल. जमिनींत काय होतें तें हिशेबानें पाहूं. एक घनमीटर मातीचें वजन तेराशें किलो धरलें, आणि तींत शंभरांत एकच भाग चुनखडी असली, तरी ती तेरा किलो झाली. ती संपवावयास चार किलोंहून अधिक गंधक पाहिजे, आणि भोंवतालचा मलबा पुन्हा चुना पुरवीतच राहणार. वाटीभर ताक तेथें काय करणार ? नुसतें लोह घालावें तर साधें हिराकस विम्ल मातींत लवकरच निरुपयोगी होतें.

म्हणून मी सुचविलें तें अगदीं साधें होतें. गंधकाचा व ताकाचा नाद सोडून मातीच बदलावी. एक मोठें बुडाला भोंकें असलेलें पिंप घेतलें. त्यांत टेंकडीवरची तांबडी माती, दोन वर्षांचा कुजलेला पालापाचोळा आणि थोडी जाड वाळू भरली. वर सासूबाईंनीं तुळशीच्या कुंडींतली कल्याणची माती ओंजळभर घातली. शास्त्राला तिची गरज नव्हती, आणि मीं तसें बोललोंहि नाहीं. झाड मुळांसकट उचललें तेव्हां मुळांना चिकटलेले गिलाव्याचे तुकडे सुनेनें एक एक करून चिमट्यानें काढले. पिंप फाटकाशीं न ठेवतां जमिनीपासून विटांवर उचलून ठेविलें, नाहींतर मुळें भोंकांतून पुन्हा खालीं गेलीं असतीं.

आश्विनांत पत्र आलें. नवी पालवी हिरवी फुटली आहे. जुनीं पिवळीं पानें हिरवीं झालीं नाहींत, गळून पडलीं. एक कळी आहे. मागच्या वाफ्यांतली माती प्रयोगशाळेंत दिली आहे आणि निकालास अजून आठवडा आहे. तोंवर पालक उपटून टाकून तेथें झेंडू लाविला आहे, त्याचीं तोरणें दसऱ्याला सबंध इमारतीच्या दारांस पुरलीं.